कोंबड्यांची घरभरणी

घिवलीचा वारा असा, की इथला कोंबडा आरवला तर चिंचणीचे लोक जागे होतात आणि घिवलीकर घोरतच राहतात. त्या वाऱ्यात नरहरीने कोंबड्यांसाठी जाळीचा वाडा बांधला, वर नारळीची झापं घातली, आणि सबंध पावसाळ्यात एक झाप हललं नाही. यात शेजारच्या आत्मारामाचं काही जात नव्हतं. पण त्याची बायको जयवंती कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "वाडा बांधावा तर नरहरी भावजींनी."

ते वाक्य बोईट माशाच्या काट्यासारखं आत्मारामाच्या घशात अडकलं. भाताचा गोळा गिळून पाहिला, केळं गिळून पाहिलं, खाली उतरेना.

मग त्याने ताडाचे खांब डांबरात बुडवून कमरेएवढे पुरले. मुंगसाने उकरू नये म्हणून जाळी हातभर मातीत गाडली. झापं कशाला, थेट मंगळुरी कौलं चढवली, समुद्राच्या अंगाला उतार ठेवला आणि एकेक कौल तारेने आवळलं. वर रेडा झोपवला असता तर रेड्याची कंबर मोडली असती, छप्पर नाही.

"कसा वाटतो?" त्याने विचारलं.

"बरा हाय," जयवंती म्हणाली. "भावजींनी बघितला काय?"

झालं. नरहरीच्या तोंडून, तिच्यादेखत कौतुक वदवून घ्यायचंच, म्हणून आत्मारामाने वाड्याची घरभरणी काढली. पाच जणांना सांगितलं, आली अख्खी आळी. वाड्यातल्या दोन कोंबड्या शिजल्या.

नरहरीने वाटीत बोट फिरवलं. "आत्माराम, रस्सा झकास हाय. तुकडे तेवढे पोहायला गेले वाटतं."

पंगत हसली. पदराआड जयवंतीही हसली. ते हसू आत्मारामाने पाहिलं, आणि तो उठून आणखी दोन घेऊन आला. त्या संपल्यावर उरलेल्याही आणल्या.

"कोंबडा राखलास, बरं केलंस," नरहरी बोटं चाटत म्हणाला. "लोक चिकट म्हनतील, म्हनू दे."

कोंबडाही गेला.

हात धुऊन सगळे वाडा बघायला गेले. कौलं होती, जाळी होती, दाराला पितळी कडी होती. आत कुणी नव्हतं. नरहरीने खांबाला धक्का देऊन पाहिला. "मजबूत हाय. यातून एक कोंबडी पळायची नाय."

रिकामा वाडा जयवंतीला बघवेना. सकाळी ती नरहरीकडून एक खुडूक कोंबडी आणि तिच्याखाली ठेवायला अंडी मागून आली. नरहरी स्वतःच कोंबडी बगलेत घेऊन आला, वाकून आत शिरला आणि त्याने तिला अंड्यांवर रवणीला बसवलं.

"हितं ती खुशाल राहील, भावजी," जयवंती म्हणाली. "एवढा भक्कम वाडा आळीत दुसरा नाय."

शेवटी म्हणाली. पण म्हणाली ती नरहरीला.

तेव्हापासून नरहरी रोज आपल्या कोंबडीची खुशाली विचारायला येऊ लागला, जयवंती रोज त्याच्यासाठी चहा टाकू लागली, आणि आत्माराम रोज त्याच वेळी पितळी कडी घासत तिथेच घुटमळू लागला. कडी इतकी लखलखली, की होड्या किनारा ओळखायला तिच्याकडे बघू लागल्या.