बहमन महिन्यातली चूक

बिडकीनच्या सकाळच्या एसटीनं रहीमचाचा कचेरीत आले, की रेकॉर्ड रूममधल्या कारकुनांचा जीव भांड्यात पडायचा. निजामाच्या काळातलं उर्दू दफ्तर वाचणारा दुसरा माणूस तिथं उरलाच नव्हता. चाचा निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी कचेरी त्यांना दरवर्षी नव्यानं बोलावून घेत होती. यंदा मात्र साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, एकतीस मार्चनंतर मुदतवाढ नाही.

चाचांना नोकरीची फिकीर नव्हती, फिकीर होती तारखांची. त्या दफ्तरात साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं असतं. त्याचं इसवी साल काढायला पहिल्या महिन्यांत पाचशे नव्वद मिळवायचे आणि नंतरच्या महिन्यांत पाचशे एक्याण्णव. मधला बहमन महिना मोठा खोडकर. त्याच्या अखेरीला जानेवारी लागतो आणि इसवी साल तिथंच पालटतं. कचेरीनं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर या भानगडीत न पडता सरसकट एक्याण्णव मिळवून मोकळं व्हायचं. म्हणून दाखला छापण्याआधी प्रत्येक तारीख चाचा स्वतः तपासून बदलून घ्यायचे. एकदा ते आजारी पडले, तर सोयगावच्या रामकिसनच्या वडिलांची जन्मतारीख वर्षभरानं चुकली आणि बिचाऱ्याचा अर्ज परत आला. मग चाचा कायमचे गेल्यावर काय होणार? कंपनीला सात पत्रं धाडली होती. तिनं सातही वेळा वाटाण्याच्या अक्षता लावल्या, आणि आत हात घालायची मुभा दुसऱ्या कुणाला नव्हती.

अशात सरकारनं विकतचं सॉफ्टवेअर सोडून खुलं घ्यायचं ठरवलं. कचेरीत कुरकुर झाली. फुकटात मिळतंय ते कसलं असणार, असं म्हणत चाचांनीही नाक मुरडलं.

"चाचा, हे कुणालाबी उघडून बघता येतं," संगणकावर बसणारी सुलेखा म्हणाली. "चुकीचं दिसलं तर आपणच नीट करायचं. तुम्ही नियम सांगा, मी लिहिते."

"आपण? सरकारी मशीनमंदी?"

"व्हय, आपणच. परवानगी सगळ्यांनाच हाय."

तीन दिवस चाचा सांगत होते आणि सुलेखा लिहीत होती. तिनं तो नियम ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींकडं पाठवला. कुठल्या कुठं बसलेल्या दोघांनी तो तपासला, चार शंका विचारल्या आणि सॉफ्टवेअरमध्ये सामावून घेतला. रामकिसनचा दाखला कुणी हात न लावता बरोबर छापून आला. चाचांना त्या न पाहिलेल्या माणसांचं फार अप्रूप वाटलं. ओळख ना पाळख, आणि बहमन महिन्यासाठी डोकं शिणवत बसली!

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बीदरहून निरोप आला. तिथंही निजामाचंच दफ्तर, आणि पुंडलिक नावाचा एक कारकून हेच सॉफ्टवेअर वापरत होता. सुलेखा मोठ्यानं वाचता वाचता अडखळली. पुंडलिकनं लिहिलं होतं, 'तुमच्या नियमात चूक आहे. काही वर्षांत बहमनात इसवी साल एक दिवस आधी बदलतं. फसली आणि इसवी दोन्ही तारखा असलेल्या पानांचे फोटो जोडले आहेत. दुरुस्ती करून पाठवतो आहे.'

चाचांची चूक काढायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. चाचांनी चष्मा पुसला आणि पडद्यावरचा एकेक फोटो डोळे जवळ नेऊन पाहिला.

"राहू द्या चाचा," सुलेखा हळूच म्हणाली. "मी कळवते त्याला, की तुमचा अनुभव..."

"काय कळवतीस? बरोबर हाय त्याचं." चाचांनी पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "इतकी वर्षं एका दिवसानं चुकत होतो बेटी. अन् मला सांगणारं कुणी नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पहिल्यांदा नीट हसले.

"मला वाटायचं, मी गेलो की हे समदं माझ्यासंगं जाणार. हा तर माझ्याबी पुढं गेला. बहमनातले माझे जुने दाखले काढ, अजून पाच दिवस हायत, पुन्हा बघू. अन् त्याला लिही, शाबास. आणखी कुठं चुकलो असंल, तर तेबी शोध म्हणावं."