मझलआजीची मूठभर माती

मझलआजी झिराडकर लंडनजवळच्या इल्फर्डहून कुठेही निघाल्या, की हँडबॅगेत रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी जेरुसलेमची मूठभर माती असायचीच. ती त्यांच्या स्वतःसाठी होती. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला माणूस गेला, की त्याच्यासोबत पवित्र भूमीची माती ठेवायची, ही घरची रीत. एझराआजोबांनी ती चाळीस वर्षांपूर्वी आपल्या हातांनी उकरून आणली होती. त्यातली थोडी त्यांना लागली, बाकीची आजींची वाट बघत होती.

"आजी, तू एडिनबराला माझ्याकडे हॉलिडेला येते. हा माती कशाला?" नात शानी दर खेपेला विचारायची.

"हा माती नाही गं, ही माती. आणि बोलावणं काय पत्ता विचारून येतं?"

मजा अशी, की शानीचं पोटही मातीवरच चालत होतं. उत्तरेकडच्या थंड मुलखात लोक शेतं सोडून गेले, त्या जमिनींचं पुढे काय झालं, हे ती एडिनबरात बसून अभ्यासायची. आता मात्र तिला तसलं एक शेत स्वतःलाच हवं झालं होतं. स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला, सदरलँडमध्ये, साठ वर्षं कोणी न कसलेली एक लहानशी जमीन. गावची कमिटी ती शानीला आणि तिच्या नवऱ्याला, झॅकला, द्यायला तयार होती. झॅकला तिथल्या शाळेत नोकरीही मिळत होती. फक्त हो की नाही ते शुक्रवारी पाचच्या आत कळवायचं होतं.

शानीने स्वतःला एक अट घातली होती. तिकडच्या जमिनी मुळातच आंबट. माणसाचा हात फिरायचा थांबला, की आणखी आंबट होतात. पीएचचा आकडा जितका लहान, तितकी माती आंबट. लॅबमधून तो पाचाच्या वर आला तर जायचं. पाचाच्या खाली गेला, तर स्वप्न गुंडाळून ठेवायचं आणि पगारी नोकरी सांभाळायची.

आधीच्या आठवड्यात ती आजींनाही जमीन दाखवायला घेऊन गेली होती. घराच्या दोन भिंती तेवढ्या उभ्या होत्या. भिंतीच्या आडोशाला रुबार्बची आंबट भाजी मात्र अजून फुटत होती, कोणी न लावता, कोणी न विचारता. उतारावर हिरव्या गवताखाली लांबच लांब वरंबे दिसत होते, जणू जमिनीवर कोणी मोठा कंगवा फिरवलाय. आजी घडीच्या खुर्चीत दोन शाली गुंडाळून बसल्या होत्या.

"ते काय गं?"

"जुने वाफे. लोक समुद्राचा शेवाळ पाठीवर आणून टाकायचे. त्याला 'लेझी बेड' म्हणतात."

"पाठीवर शेवाळ वाहून वाफे केले, आणि नाव आळशाचं? नाव ठेवणारा स्वतः खाटेवर लोळत असणार!"

शानी हसता हसता मातीत गुडघे टेकून बसली. "अबॅन्डन्ड लॅन्ड आहे, आजी. टाकलेली."

"टाकलेली म्हणू नकोस, बाय. टाकतात ती बायको. जमीन पड ठेवतात. अलिबागजवळ झिराडला आमची डोंगरउताराची वरकस जमीन होती. दोन-तीन वर्षं नाचणी, वरी घ्यायची, मग पड ठेवायची. माझा बाप म्हणायचा, दमलीय ती, निजू द्या."

"हिला कोणी झोपवली नाही. लोक गेलेच."

"म्हणून काय झालं? निजली तर खरी."

एडिनबराला परतल्यावर शानीने आणलेली माती वर्तमानपत्रावर पसरून वाळवली, चाळली आणि झिपच्या पिशवीत भरली. पिशव्या चांगल्या जाड होत्या. आजींची जेरुसलेमची पुरचुंडी तर पार विरली होती, कापडातून माती झिरपायला लागली होती. त्यांनी त्यातलीच एक पिशवी घेतली आणि आपली माती तिच्यात ओतली. तेवढ्यात किटली उकळली. पिशवी ओट्यावर शानीच्या पिशवीशेजारी ठेवून त्या चहा गाळायला वळल्या. शानी घाईत आली, पिशवी उचलली, पाकिटात घातली आणि पोस्टात टाकायला पळाली. आजींनी चहा संपवला, ओट्यावर उरलेली पिशवी बॅगेत ठेवली आणि एझरांची आठवण काढत डुलकी घेतली.

शुक्रवार उजाडला. आजींनी दुपारी चारलाच मलिद्याचे पोहे भिजवले. आकडा मनासारखा आला तर नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करीन, असं त्या बोलल्या होत्या. नारळ खोवत होत्या तोच शानी फोन नाचवत स्वयंपाकघरात आली.

"आजी! आठ! आठच्या पण वर! माती खूप चांगला आहे!"

"चांगली," आजी म्हणाल्या, पण आज त्यांनाही दुरुस्तीत रस नव्हता. त्यांनी खोबऱ्याची चिमूट नातीच्या तोंडात घातली. "नकुल काय म्हणतो?"

नकुल म्हणजे लॅबमधला शानीचा मित्र, मूळचा पुण्याचा. शानीने त्याचा व्हॉइस मेसेज लावला.

"शानी, हे सदरलँड आहे की भूमध्य समुद्र? चुनाच चुना आहे यात! बटाटे राहू दे, ऑलिव्ह लाव!"

शानी खिदळली. आजींचा खोवणारा हात थांबला.

त्या उठल्या, बेडरूममध्ये गेल्या, बॅगेतली पिशवी काढली आणि वास घेतला. ओल्या शेवाळाचा, धुराचा, थंड वास. आत एक बारीक मूळ होतं आणि कुठल्याशा किड्याचा चकाकता पंख.

"एलियाहू हन्नबी!" आजी पलंगावरच बसल्या. साडेचार वाजले होते. बाहेर शानी कमिटीचा नंबर शोधत गुणगुणत होती. इतकी खूश ती लग्नातही दिसली नव्हती. गप्प बसलं तर पोरगी नोकरी सोडणार, आणि तेही जेरुसलेमच्या भरवशावर! आजी पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"फोन ठेव, बाय. तू नकुलला माझी माती पाठवलीस."

"तुझी कुठली?"

"माझ्या मयताची."

शानीने आजींकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि फोन टेबलावर ठेवला. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "म्हणजे आठ... जेरुसलेम आठ आहे?"

"ऑलिव्ह म्हणाला ना तो."

"आजी, नकुलने तुझी पवित्र माती दळली. त्यावर ॲसिड ओतला!"

"सगळी?"

"अर्धी असेल."

मग शानीला जे हसू फुटलं, ते थांबेना. ती खुर्चीत, आजी स्टुलावर, दोघी डोळे पुसत हसत राहिल्या. पण हसू ओसरलं तशी शानीने घड्याळाकडे पाहिलं.

"नकुलला परत पाठवायला वेळ नाही, आजी. नाही म्हणू का?"

"घरात काहीच नाही तुझ्याकडे? मातीची डॉक्टर म्हणवतेस."

"शाळेच्या मुलांना दाखवायच्या पीएचच्या कागदाच्या पट्ट्या आहेत. रफ असतात."

"आण त्या. ढोबळ तर ढोबळ."

शानीने पिशवीतली चमचाभर माती पेल्यात पाण्याशी ढवळली, निवळू दिली आणि वर पट्टी बुडवली. आजींनी चष्मा पुसून घातला. पट्टीवर रंग चढेपर्यंत दोघी पेल्यावर वाकून बघत राहिल्या. शानीने पट्टी डबीवरच्या रंगांशी लावली, खिडकीत नेली, पुन्हा लावली. दुसरी बुडवली.

"साडेपाच," ती हळूच म्हणाली. "आजी, साडेपाच! दोन्हीला!"

"आठावरून साडेपाच, हे खाली आलं ना गं?"

"येऊ दे! चुना जास्त झाला की बटाट्याला खरूज लागते. बटाट्याला अशीच लागते. थोडी आंबट. ओट्स पण येणार!" बोलता बोलता ती पेल्यातल्या गाळाकडे बघत होती. "आणि कशी काळी आहे बघ. साठ वर्षांचं गवत पोटात आहे तिच्या. छान झोपली ती."

तिचं व्याकरण एकाएकी सुधारलं होतं. आजींनी मनातच तिची दृष्ट काढली.

पाचला पाच मिनिटं असताना शानीने कमिटीला फोन लावला. पलीकडचे म्हातारेबुवा काय बोलले ते आजींना कळलं नाही, पण शानी तीनदा "येस" म्हणाली आणि तिसऱ्यांदा तर ओरडूनच. मग तिने झॅकला फोन केला, आणि त्याची आरोळी आजींना ओट्यापाशीही ऐकू आली.

मलिदा झाला. गुळाचा हात जरा सैल पडला होता, पण कोणी तक्रार केली नाही. बशा पुसता पुसता शानी म्हणाली, "नकुल उरलेली परत पाठवतो म्हणाला. पण अर्धीच, आजी. तुला पुरेल?"

"तुझ्या आजोबांना चिमूटभरच लागली. कमी पडली तर तुझ्या शेतातली घाल."

"चालतं?"

"मला चालतं. वर कोणी विचारलं तर सांगीन, नातीने मिसळली."

शानीने जाड मार्कर आणला आणि सदरलँडच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'शेत'. दुसरी रिकामी पिशवी काढून तिच्यावर लिहिलं: 'आजी. टेस्ट करू नये.'

आजींनी ती पिशवी हातात घेऊन वाचली. "बटाटे कधी निघतात तिकडे?"

"मे महिन्यात लावले, तर सप्टेंबरात."

"मग हिची घाई नाही," आजी म्हणाल्या. "ठेव वरच्या फळीवर."