माझा आवाज का चढला

कान झाकू नका, आज मी हळू बोलणार आहे. मी एक व्हॅक्यूम क्लीनर. लाल, बुटका, पोट सुटलेला. पुढे लांबलचक सोंड, मागे वायर आणि खाली तीन चाकं, त्यातलं एक स्वतःच्या मनाने चालतं. घरात मला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. नुसतं "मशीन" म्हणतात. कपडे धुणारंही मशीन, शिवायचंही मशीन. त्यामुळे आतून "मशीन लाव गं" अशी हाक आली की आम्ही तिघंही दचकतो.

माझा जन्म कारखान्यातला. एकाने मोटार बसवली, दुसरीने स्क्रू पिळले, तिसऱ्याने मला सुरू करून दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि पाठीवर शिक्का मारला. आयुष्यात मी दिलेली ती एकमेव परीक्षा, आणि मी पहिल्या फटक्यात पास! मला आपलं वाटलं, आता जन्मभर असंच कान देऊन ऐकणारं कोणीतरी मिळणार.

मिळाल्या आई.

या घरातल्या आईंना झाकायची भारी हौस. रिमोटला प्लास्टिकची पिशवी, ती पिशवी मळू नये म्हणून तिच्यावर कापडी खोळ. सोफ्याला कव्हर, कव्हरवर चादर, पाहुणे आले की चादरीवर टॉवेल. खरा सोफा कुठल्या रंगाचा आहे हे आईंच्या खालोखाल फक्त मला ठाऊक, कारण माझी सोंड फटीत जाते. "झाकलेलं टिकतं," असं त्या म्हणतात. टिकतंच. वापरायला कोणाला सापडत नाही ना!

बाबा बसच्या आगारात तीस वर्षं मेकॅनिक होते. आता घरी असतात, पण कान अजून कामावर जातो. कुठूनही कुरकुर ऐकू आली की त्यांचं निदान तयार: "बेअरिंग गेलं." पंखा, मिक्सर, न्हाणीघराचं दार, स्वतःचा डावा गुडघा, सगळ्यांची बेअरिंगं गेलेली. मुलाचं याउलट. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू: चालू आणि बदलायच्या.

या मुलाचं लग्न ठरलं आणि आईंनी घर उलटंपालटं केलं. "नवीन माणूस येणार. घर कसं आतूनसुद्धा स्वच्छ हवं!" आतून म्हणजे किती आतून? माझ्या पोटापर्यंत! त्यांनी मला मांडीवर घेतलं, झाकण उघडलं, कोपरे पुसले, कचऱ्याची पिशवी धुऊन वाळवली आणि मोटारीच्या तोंडाशी बसतो तो गोल फिल्टर नवा आणून लावला. पांढराशुभ्र! त्या त्याच्याकडे कितीतरी वेळ मायेने बघत होत्या. मग माझ्या छातीशी काहीतरी गार, बुळबुळीत लागलं, मला गुदगुल्या झाल्या आणि झाकण बंद झालं.

सूनबाई आली. "हो", "नाही" आणि "चालेल" एवढ्या तीन शब्दांवर तिने पहिले चार दिवस काढले. पाचव्या दिवशी आई म्हणाल्या, "अगं, जरा मशीन लावतेस का?"

"हो."

तिने बटण दाबलं आणि मी आधी शिट्टी मारली, मग फडफडलो, आणि मग जी काही किंकाळी फोडली म्हणता! मलाच माझी भीती वाटली. सूनबाई सोफ्यावर चढली. बाबा पेपर टाकून ओरडले, "ब्रेक लाव, ब्रेक!" आई स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन धावल्या. पाच मिनिटांत मी तापून लालबुंद (तसा मी लालच आहे) आणि आपोआप बंद. माझ्या मोटारीला तशी सोयच केलेली असते. डोकं फार तापलं की गप्प बसायचं. ही सोय माणसांत का नाही, हे मला कळलेलं नाही.

लगेच खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. "विमान उतरलं का हो?"

"काय सांगू!" आई म्हणाल्या. "इतकी वर्षं बिचारं गुमान चालत होतं. सूनबाईने हात लावला आणि..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर बरं झालं असतं. त्या "आणि"च्या पुढचं काकूंनी पुरं केलं, मग काकूंच्या बहिणीने, मग समोरच्या इमारतीने. आठवड्यात घराघरांत ठरलं की नव्या सुनेचा हात जड आहे. पुढे एक कप फुटला. तो होता आईंच्याच हातात, पण सगळ्यांनी बघितलं सूनबाईकडे. तीही क्षणभर स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. ते मात्र मला आवडलं नाही.

दोन महिने असे गेले. अधूनमधून मला सुरू करायचे, मी बोंब मारायचो, ते मला बंद करायचे. बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या पाठीला टेकवलं, मूठ कानाला लावली, डॉक्टरांसारखे डोळे मिटले आणि म्हणाले, "बेअरिंग."

"बाबा, सोडा हो," मुलगा म्हणाला. "दुकानात जुनं देऊन नवीन घ्यायची योजना आहे. रविवारी जाऊन बदलून टाकू."

"बघ बाई, आल्या आल्या नवीन मशीन आलं तुझ्यासाठी," आई हसून म्हणाल्या. त्यांच्या मनात खरंच काही नव्हतं. पण सूनबाईचा चेहरा उतरला, आणि तो का उतरला हे खोलीत फक्त मला कळलं. मी एकदा दुकानात गेलो की प्रकरण बंद. नवीन मशीन गोड आवाजात चालणार आणि दर वेळी ते बघून कोणीतरी म्हणणार, "जुनं हिच्या हातून गेलं." मला भंगार व्हायचं नव्हतं आणि तिला जन्मभर जड हाताची.

शनिवारी सकाळी मुलगा दुकानात चौकशीला गेला, आई काकूंकडे. सूनबाई बाबांपुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमचा स्क्रूड्रायव्हर द्याल?"

"कशाला गं?"

"बेअरिंग बघते."

काय जादू झाली! बाबांनी अख्खी हत्यारांची पेटी आणली, चष्मा बदलला, खाली बसताना गुडघ्याचं बेअरिंग वाजलं तिकडेही लक्ष दिलं नाही. "आधी काय करायचं?"

"प्लग काढायचा."

"शाबास! आमच्या आगारात निम्म्यांना हे सांगावं लागायचं. आता एकेक भाग वेगळा करत जायचं. जो काढल्यावर आवाज थांबेल, तो चोर."

आधी सोंड निघाली. प्लग लावून मला क्षणभर सुरू केलं. किंकाळी तशीच! "सोंडेत नाही," सूनबाई पुटपुटली. तरी तिने सोंड डोळ्याला लावून आरपार बघितलं. दुसऱ्या टोकाला बाबांनी डोळा लावला.

"दिसतेस!"

"तुम्ही पण!"

दोघंही खुदखुदले. मग पुन्हा प्लग काढून माझं झाकण उघडलं. पिशवी फाटलेली नाही, भरलेलीही नाही. भरणार कशी? दोन महिने मी फक्त ओरडलो होतो, घास काही गेला नव्हता.

"बाबा, हवाच ओढली जात नाहीये बहुतेक. कोणीतरी नाक दाबल्यासारखा आवाज आहे याचा."

मला रडू आलं असतं, पण मी कोरड्या कचऱ्यासाठीच बनवलेला आहे.

तिने आतली जाळी सरकवली आणि थांबली. बाबा वाकले. माझ्या पांढऱ्याशुभ्र फिल्टरवर, कडेच्या इलॅस्टिकने अगदी घट्ट बसवलेली, गुलाबी ठिपक्यांची आंघोळीची टोपी होती! फिल्टरला धुळीचा कण लागलेला नव्हता. आणि मला हवेचा.

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हे बेअरिंग नाही," बाबा म्हणाले.

मग जे काही हसले दोघं! बाबा पेटीवर डोकं टेकून हसत होते, सूनबाई तोंडात ओढणी कोंबून. इतक्यात दारात चपला वाजल्या. बाबांनी पेपर उचलला, उलटा. सूनबाईने टोपी मुठीत दाबली, माझं झाकण लावलं, सोंड बसवली, प्लग लावला आणि गडबडीत बटणच दाबलं.

मी गुणगुणलो. शपथेवर सांगतो, गुणगुणलो!

"अगंबाई!" आई उंबऱ्यातच थबकल्या. "आवाज कुठे गेला?"

"धूळ अडकली होती, आई."

"हो का? बरं झालं बाई!" आई खूश झाल्या. "तुझ्याच हातून बिघडलं आणि तुझ्याच हातून सुधारलं. फिट्टंफाट!"

सूनबाईने बटण बंद केलं. बाबांचा पेपर थरथरला. मी तर फुटायच्या बेतात! दोन महिने बोंबलत होतो आणि नेमकं बोलायची वेळ आली तेव्हा मला दुरुस्त करून ठेवलं होतं. सूनबाई मुठीकडे बघत होती. गप्प बसली असती तर आईंची लाज झाकली गेली असती. या घरात आणखी एक झाकण.

तिने मूठ उघडली. गुलाबी टोपी टप्पकन फुलली.

"आई, ही तुमची ना? फिल्टरवर होती. माझ्या हातून नव्हतं बिघडलं."

चार दिवसांत तीन शब्द बोलणारी मुलगी एका दमात एवढं बोलली आणि लालीने माझ्याशी बरोबरी करू लागली. आईंनी टोपी हातात घेतली, उलटली, सुलटी केली.

"अगं, नवा फिल्टर होता..." त्यांचा आवाज बारीक झाला. "मळू नये म्हणून..."

"फिल्टर मळू नये म्हणून!" बाबांना राहवेना. "मग त्याने करायचं काय? शोकेसमध्ये बसायचं?"

"तुम्ही गप्प बसा हो! दोन महिने बेअरिंग बेअरिंग करत होतात!" असं म्हणता म्हणता आईंचे ओठ हलायला लागले, खांदे हलायला लागले, आणि त्या मटकन सोफ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग अचानक हसू आवरून त्यांनी फोन उचलला.

"हॅलो, काकू? ऐका. ते विमान म्हणजे माझी आंघोळीची टोपी होती... मीच घातली होती, दुसरं कोण घालणार?... नाही, हात जड नाही तिचा. कान तिखट आहे. आणि हे जरा सगळ्यांना सांगा... का म्हणजे? आधीचं सांगितलंत ना? मग तेवढ्याच घरी जाऊन हेही सांगा. मी वाट बघते."

फोन ठेवून त्या सूनबाईजवळ येऊन बसल्या. "दोन महिने ऐकून घेतलंस?"

"हो."

"पुन्हा असं ऐकून घ्यायचं नाही."

"चालेल."

तेवढ्यात मुलगा आला. "आई, दुकानदार म्हणाला, उद्या अकराला..."

"उद्या कुठे जायचं नाही," आई म्हणाल्या. "आधी पाय पूस."

या गोष्टीला आता वर्ष होईल. माझा फिल्टर अगदी काळाकुट्ट होतो, महिन्याला धुतला जातो आणि मी सुखात आहे. आई अजूनही झाकतात, पण आता आधी विचारतात, "सूनबाई, हे श्वास कुठून घेतं गं?" तुमच्याकडचा माझा कोणी भाऊबंद ओरडायला लागला, तर एवढंच करा. प्लग काढा, सोंड बघा, पिशवी बघा, फिल्टर बघा. घरात नवीन कोण आलं, ते बघू नका.

बरं, पुढच्या खोलीत माझी वाट बघताहेत. तुम्ही बसा निवांत. फक्त पाय तेवढे जरा वर घ्या.