चेअरमनसाहेबांचं दार

संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात सरांचा एकच हट्ट होता: वाक्य खरं पाहिजे. आधी ‘इट इज’, मग एखादं विशेषण, मग ‘टु’ आणि क्रियापद, एवढा साधा साचा. पण कुणी पुस्तकातलं ‘इट इज हेल्दी टु वॉक’ उतरवून आणलं, की सर चष्म्यावरून बघत विचारायचे, तुम्ही शेवटचे कधी चालला होतात? त्यावर बहुतेक जण वाक्य खोडून टाकत.

कुलूपवाल्याला ही अडचण कधी आली नाही. चौकातल्या खोक्यात बसून किल्ल्या बनवणारा हा माणूस. खोटं लिहायला लागणारी कल्पनाशक्ती त्याच्यापाशी नव्हती. वर्गाला तो येत होता एका नोकरीसाठी. नव्या हॉटेलात सगळ्या खोल्यांची कुलपं सांभाळायला एक माणूस हवा होता. त्याला पाहुण्यांशी बोलण्यापुरतं इंग्रजी यायला हवं होतं आणि तो राहतो त्या इमारतीच्या चेअरमननं त्याच्याबद्दल खात्री द्यायला हवी होती. हॉटेलच्या मॅनेजरबाई रविवारी सकाळी चेअरमनसाहेबांना फोन करणार होत्या.

त्याच आठवड्यात सरांनी ‘आपली इमारत’ या विषयावर वाक्यं आणायला सांगितली. कुलूपवाल्यानं दोन आणली. पहिलं, ‘इट इज डिफिकल्ट टु क्लोज द टेरेस डोअर.’ दुसरं, ‘इट इज ईझी टु ओपन द चेअरमन्स डोअर.’ सर इतके खूश झाले की त्यांनी तो कागद फळ्याशेजारी टाचणीनं लावला.

चेअरमनसाहेबांच्या पत्नी त्याच वर्गात होत्या. परदेशातल्या नातवाशी फोनवर दोन शब्द बोलता यावेत म्हणून येत. त्यांना वाक्य फार आवडलं. रात्री जेवताना त्यांनी ते कौतुकानं नवऱ्याला म्हणून दाखवलं. साहेबांनी हातातला चमचा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्याला जिन्यात गाठून साहेबांनी विचारलं, की दार उघडणं सोपं आहे म्हणजे नेमकं कुणाला? कुलूपवाल्यानं सरांनी शिकवलं होतं तसंच समजावलं. त्या वाक्यात कुणी नाहीच. बसमध्ये जागा धरायला रुमाल टाकतात ना, तसं ते ‘इट’. नुसती जागा धरायची, बसणारा मागून येतो.

“आणि रुमाल कुणाचा?” साहेबांनी विचारलं.

याचं उत्तर वर्गात झालं नव्हतं.

इमारतीत बातमी पसरली. लोक एकेकटे, आजूबाजूला बघत कुलूपवाल्याकडे येऊ लागले. आमच्या दाराचं काय? तो वाकून कुलूप बघायचा आणि खरं ते सांगायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई ‘मध्यम’ ऐकून समाधानानं परत गेल्या. समोरच्यांना ‘कठीण’ मिळाल्याचं कळल्यावर मात्र त्यांनी समोरच्यांशी बोलणं टाकलं.

शेवटी साहेबांनी तोड काढली. रविवारी फोन यायच्या आधी कुलूपवाल्यानं सगळ्यांसमोर ते दार उघडून दाखवावं. उघडलं, तर असल्या माणसाची खात्री आपण देणार नाही. नाही उघडलं, तर त्यानं बढाई मारली एवढंच, आणि बढाईखोर माणूस निदान निरुपद्रवी असतो.

शनिवारी रात्री कुलूपवाल्याच्या बायकोनं त्याला ताट वाढतानाच सांगितलं, की उद्या थोडी खटखट करा, घाम पुसा आणि हरा. तो म्हणाला, साहेबांचा लॅच कंगव्यानंसुद्धा उघडतो, त्याच्यापुढे हरायचं म्हणजे फार झालं.

“अहो, मग कंगवा घरी ठेवा,” बायको म्हणाली.

रविवारी जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. साहेबांनी दार ओढून घेतलं. आत त्यांच्या पत्नी भांडी घासत होत्या, नळाचा आवाज बाहेर येत होता. कुलूपवाला गुडघ्यांवर बसला. हरायचं त्यानं मनापासून ठरवलं होतं. हत्यारांच्या पेटीतला सगळ्यात जाड, या कामाला अजिबात न चालणारा लोखंडी आकडा त्यानं काढला, उलटा धरला, फटीत घातला आणि खटखट सुरू करायच्या आधी नीट बसावा म्हणून जरासा टेकवला. टक् असा आवाज झाला आणि दार वीतभर उघडलं.

आत साहेबांच्या पत्नी उभ्या होत्या. कोपरापर्यंत साबणाचा फेस.

“मी उघडलं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, कसली खटखट चाललीय.”

लॅचवर फेसाचा एक ठिपकाही नव्हता. पण लॅच कुलूपवाल्याच्या नाकासमोर होता, बाकीच्यांना तो दिसत नव्हता. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी कुलूपवाल्याच्या खांद्यावर थोपटलं, प्रयत्न वाईट नव्हता म्हणाले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो काही बोलणार तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं त्याच्या पावलावर पाय दिला.

एवढ्यात फोन आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून साहेबांनी तो स्पीकरवर घेतला आणि मोकळ्या मनानं सांगून टाकलं, की माणूस अगदी सज्जन, आत्ताच सगळ्यांसमोर त्याला माझं दारसुद्धा उघडता आलं नाही.

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

“तो कुलूपवालाच ना?” मॅनेजरबाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, फोन त्यालाच द्या.

कुलूपवाल्यानं फोन घेतला. तुम्हाला खरंच ते दार उघडता आलं नाही का, असं बाई विचारत होत्या. नाही आलं म्हणावं तर नोकरी गेली. आलं म्हणावं तर साहेबांच्या पत्नी भर जिन्यात खोट्या पडल्या, आणि साहेबांची खात्रीही गेली. त्यानं बायकोकडे बघितलं. तिनं त्याच्या पावलावरचा पाय काढून घेतला.

साहेबांच्या पत्नींनी पदराला हात पुसले आणि फोन त्याच्या हातातून घेतला.

“बाई, दार त्यानंच उघडलं. मी खोटं बोलले. साबणाच्या हातांनी लॅच कोण धरतं?”

मॅनेजरबाईंनी विचारलं, वेळ किती लागला? कुलूपवाल्याची बायको मागून म्हणाली, हरायला बसले होते, तेही जमलं नाही. बाई हसल्याचं सगळ्यांनी ऐकलं. पण हसून झाल्यावर त्यांनी पुन्हा चेअरमनसाहेबांना बोलवायला सांगितलं. काम येतं हे कळलं, पण माणूस विश्वासाचा आहे का, ते आपण सांगा.

साहेबांनी आधी आपल्या बायकोकडे बघितलं, मग लॅचकडे. कुलूपवाला उठायचं विसरून तसाच गुडघ्यांवर बसलेला होता. साहेबांना कुठलंही वाक्य तयार मिळेना, ते थांबत थांबत बोलले.

“माझं दार त्याला कधीही उघडता येत होतं, हे मला आज कळलं. आम्ही कितीदा तरी महिना महिना गावाला गेलोय. तो खालीच राहतो. घरातली काडी हललेली नाही. लिहून घ्या.”

बाई म्हणाल्या, उद्यापासून या.

जिन्यात थोड्या टाळ्या पडल्या. कुलूपवाल्यानं उठून साहेबांना नमस्कार केला, तो त्यांनी मान हलवून घेतला, फोन खिशात टाकला आणि पत्नीच्या मागोमाग आत गेले. लोक पांगायला लागले. कुलूपवाला खाली वाकून हत्यारं पेटीत भरत असताना आतून जड टेबल दारापर्यंत ओढत आणल्याचा आवाज आला.