दारावरचा फोटो

मित्रांनो, ज्याला पायानं ढकलल्याशिवाय कुणी आत येत नाही, तो जुना लोखंडी दरवाजा मी. रुसे शहरातल्या आमच्या सहामजली इमारतीला मला बसवलं, तेव्हा माझा निळा रंग बघायला शेजारच्या इमारतीतली माणसं आली होती. आता माझ्या अंगावर रंगापेक्षा कागदच जास्त. पाणी कधी जाणार, लिफ्ट का बंद आहे, कुणाचं मांजर हरवलं, सगळं माझ्यावरच चिकटवतात. आणि कुणी वारलं की फोटोचा कागद लागतो. वर मोठ्या अक्षरांत नाव, मधे फोटो, खाली दोन ओळी. आमच्याकडे दारावर असा फोटो लागतो तो मेलेल्या माणसाचाच. शेंबड्या पोरालाही हे कळतं.

माझी काळजी घेणारा एकच, तळमजल्यावरचा ग्रोझदान. बिजागऱ्यांना तेल, जिन्यातले दिवे, तुंबलेला पन्हाळ, सगळं तोच बघायचा. कौतुक? नाव नको! टॅक्सी चालवणारा मिल्को तर मला धाडकन आपटायचा आणि वर म्हणायचा, "म्हातारा एक दिवस या दरवाजाचं लग्न लावून देईल!"

जिन्यातल्या भिंतींचे पोपडे निघाले होते. ग्रोझदाननं रंग आणून ठेवला आणि रविवारी सगळ्यांनी हातभार लावायला खाली यावं, असा कागद माझ्यावर लावला. रविवारी चिटपाखरू फिरकलं नाही. दुपारपर्यंत तो रंगाच्या डब्यावर बसून राहिला.

"संपलं बाबा," तो मला म्हणाला. "मी गावी चाललो. पुतण्याची गाडी मिळाली की सामान न्यायला येईन. पुढे तुमचं तुम्ही बघा."

हा गेला तर मला थेट भंगारात काढतील.

तिसऱ्या मजल्यावरच्या झोर्नित्सानं हे जिन्यातून ऐकलं. पोरगी स्पेनमध्ये वाढलेली, नुकतीच इथे परतलेली. तिला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यावर एक कागद लावला. वर मोठ्या अक्षरांत ग्रोझदानचं नाव, मधे त्याचा फोटो, खाली लिहिलं होतं, 'तुमच्याशिवाय आपला जिना सुना आहे. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.' आणि अगदी तळाला, 'परत या.' कागद लावून ती कामासाठी वार्नाला निघून गेली.

अरे देवा! मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

पहिली आली पेनका आजी. तिनं फोटो बघितला, छातीवर क्रूस काढला आणि कागदाच्या तळाशी फुलं खोचली, मेलेल्याला वाहतात तशी सम संख्येत. 'परत या' फुलांमागे गेलं.

"गावी गेला आणि तिकडेच गेला हो," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. फोन करून बघावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मेलेल्याला कोण फोन करतो?

मिल्को टोपी काढून उभा राहिला. "रविवारी मी घरीच होतो, आजी. मॅच बघत होतो."

"मी तरी कुठे खाली आले?" पेनका आजी म्हणाली.

त्या संध्याकाळी मिल्कोनं रंगाचा डबा उघडला. एकेक करून बाकीचेही आले आणि आठवड्याभरात भिंती उजळल्या. मिल्कोनं माझ्या बिजागऱ्यांना तेलही घातलं. मला गहिवरून आलं, आणि रागही आला. हेच त्या रविवारी केलं असतं तर?

शनिवारी पुतण्याची गाडी दारात थांबली. ग्रोझदान उतरला. त्याला लांबून फुलं दिसली.

"कोण गेलं रे?" त्यानं विचारलं.

मिल्कोच्या हातातला ब्रश खाली पडला. पेनका आजी श्राद्धाचे शिजवलेले गहू, साखर आणि अक्रोड घातलेले, सगळ्यांना वाटत होती.

"मेल्या!" ती किंचाळली. "तू जिवंत आहेस?"

"सकाळपर्यंत तरी होतो."

"आणि मी तुझ्यासाठी गहू शिजवले, मेल्या!"

ग्रोझदान माझ्याजवळ आला. आपलाच फोटो बघून दचकला. मग त्यानं फुलं बाजूला केली आणि कागद शेवटपर्यंत वाचला. पुन्हा वाचला.

"काका, चुकलं आमचं," मिल्को मान खाली घालून म्हणाला. "नका ना जाऊ."

ग्रोझदाननं बाहीनं नाक पुसलं. पुतण्याला म्हणाला, "गाडी परत ने." मग भिंतीवरून बोट फिरवलं. "रंगाचा एकच हात दिलाय होय? दुसरा कधी देणार, मी मेल्यावर?" आणि पायरीवर बसून स्वतःच्याच श्राद्धाचे गहू चवीनं खाऊ लागला.

तो कागद अजून माझ्यावर आहे. झोर्नित्सा लाजून काढायला गेली, तर ग्रोझदान तिच्यावर खेकसला.

मित्रांनो, तुमच्याही इमारतीत कुणीतरी दिवे बदलत असेल, कुणी दाराला तेल घालत असेल. त्याला आजच हाक मारा आणि काय सांगायचं ते सांगून टाका. चांगल्या माणसांबद्दलच्या खूप सुंदर ओळी मी अंगावर वागवल्या आहेत. ज्याच्याबद्दल लिहिल्या, त्यानं स्वतः वाचल्या, असं मात्र एकदाच झालं.