‘आई’ नावाची एकच फाइल

“अगं आई, मी पुसलं काहीच नाही. हलवलं फक्त.” मुलगा हे तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा बाईंनी पाटीवर पेन्सिल इतक्या जोरात टेकवली की तिचे टोक मोडले.

बाईंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. त्यांचा ‘हॅलो’ ऐकला की तावातावाने भांडणारा ग्राहकही नरमाईवर येई. निवृत्तीनंतर घरही त्याच आवाजाच्या धाकात चाले. घशाच्या शस्त्रक्रियेत तो जाणार, हे कळल्यावर रडत न बसता त्यांनी रोजच्या बोलण्यातली वाक्ये निवडून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली. नातीला मारायची हाक, ‘दार नीट लावा’, ‘मला शिकवू नकोस’. पुढेही बटण दाबून स्वतःच्याच आवाजात बोलता आले असते. यातल्या एकालाही हात लावायचा नाही, अशी मुलाला सक्त ताकीद होती.

पण त्याला आवराआवरीची हुक्की आली. ‘आई’ नावाचा फोल्डर रिकामा दिसला, म्हणून तो त्याने उडवला. मग ते साफ विसरून, पडद्यावरच्या काळ्या कमांड-खिडकीत हुकूम टाइप करून एकेक रेकॉर्डिंग ‘आई’कडे रवाना केले. फोल्डरच नाही म्हटल्यावर यंत्राने ‘आई’ हे फाइलचे नवे नाव समजले. पहिलीला ते दिले. दुसरीला देताना पहिली पुसली, तिसरीला देताना दुसरी. असे करत करत एकच उरली.

‘दुसरी प्रत?’ बाईंनी पाटीवर लिहिले.

त्याने नकारार्थी मान हलवली. “त्या खिडकीत ते ‘पुसू का?’ असं विचारत नाही गं. सांगितलं की मुकाट्यानं करतं.”

‘आणि तू? तुला तोंड होतं ना?’

सुनेने घाईघाईने मध्ये पडून, उरलंय ते तरी ऐकू या, असे सुचवले. मुलाने बटण दाबले. तोच खणखणीत आवाज खोलीभर पसरला.

“हरकत नाही.”

‘हेही असू द्या,’ अशी दवाखान्यातल्या मुलीने गळ घातली म्हणून नाइलाजाने रेकॉर्ड केलेले वाक्य. एरवी बाईंनी ते कधी कुणाला ऐकवले नव्हते.

मुलाने डोळे पुसले आणि पुन्हा बटण दाबले. “हरकत नाही.” त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “बघ,” तो ओशाळून हसला, “तूच म्हणतेयस.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके नासवून वर माफीही परस्पर, त्यांच्याच आवाजात घेऊन हा मोकळा! त्यांनी त्याला दंडाला धरून उठवले, खुर्चीत ताठ बसल्या आणि माउस पुढे ओढला. पडद्यावर चौकट उघडली: ‘ही फाइल कायमची काढून टाकायची?’

“आई, नको ना,” सून हळूच म्हणाली.

बाईंनी चष्मा नीट बसवला, प्रश्न सावकाश वाचला आणि ‘होय’ दाबले.