जाणाऱ्याला वेलकम

बारामतीतल्या त्या नव्या डोळ्यांच्या दवाखान्यात करुणाची खिडकीवरची नोकरी अजून कच्ची होती. महिनाभर बघू, मग पक्की करू, असं डॉक्टरांच्या बायकोनं, म्हणजे मॅडमनी, सांगितलेलं. महिना शनिवारी भरत होता. आज गुरुवार.

मॅडमना सत्त्याण्णव सालातली बारामती पुण्याच्या पंक्तीला नेऊन बसवायची होती, आणि सुरुवात त्यांनी करुणाच्या तोंडापासून केली होती. पेशंटनं थँक्यू म्हटलं की काय म्हणायचं, त्याचा कागद त्यांनी खिडकीच्या आतून चिकटवला होता. कॉलेजात शिकलेलं 'मेन्शन नॉट' पहिल्याच दिवशी बाद झालं.

"ते गावठी इंग्लिश आहे," मॅडम म्हणाल्या.

इंग्रजीतही गावठी असतं, हे करुणाला तिच्या गावात, जळोचीत, कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर पहिलं होतं 'यू आर वेलकम', दुसरं 'माय प्लेझर'. अडचण एवढीच, की चार आठवड्यांत थँक्यू कुणी म्हटलंच नव्हतं. लोक औषधाची बाटली घ्यायचे, "बरंय बाय" म्हणायचे आणि एस्टी गाठायचे.

गुरुवारी वरकुट्याच्या बिरू आबांच्या डोळ्याची पट्टी निघाली. मोतीबिंदू गेला, भिंतीवरचं घड्याळ दिसायला लागलं. नात छकुलीनं घरून पढवून पाठवलं होतं. आबा खिडकीशी थांबले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "थ्यांक्यू."

मॅडम मागंच उभ्या. करुणा ताठ झाली. "यू आर वेलकम."

आबा दारापर्यंत गेले आणि माघारी फिरले.

"काय म्हनलीस?"

"वेलकम, आबा."

"लग्नाच्या कमानीवर लिवत्यात, त्येच न्हवं?"

"व्हय, तेच."

"म्हंजे 'या'." आबा बाकड्यावर बसले. "दवाखान्यातनं निघताना मानूस 'येतो' म्हनत न्हाय, 'जातो' म्हनतो. आन् तू मला 'या' म्हनतीस? दुसऱ्या डोळ्यावर नजर हाय व्हय तुमची?"

बाकड्यावरच्या साऱ्या माना हलल्या. ज्यांना पट्ट्या होत्या त्यांच्याही.

"दुसरं म्हण, दुसरं," मॅडम कुजबुजल्या.

"माय प्लेझर."

"त्येचा अर्थ?"

"मला आनंद झाला," करुणा म्हणाली.

"माझा डोळा कापला, आन् तुला आनंद."

"सॉरी म्हण आणि मिटव," मॅडम.

"सॉरी, आबा."

आता आबांबरोबर आलेली त्यांची सून रंगुबाई हादरली. सिनेमात दवाखान्यातली माणसं सॉरी कधी म्हणतात, हे तिला पाठ होतं. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "मामंजीस्नी काय झालंय, खरं सांगा."

"करुणा, शनिवारी यायची गरज नाही," मॅडम म्हणाल्या. "साधं पेशंटशी बोलता येत नाही तुला."

करुणाची कानशिलं तापली. शब्द ह्यांचे, कागद ह्यांचा. तोंड तेवढं आपलं, म्हणून दोष आपल्या पदरात. ती उठून उभी राहिली.

"आबा, ऐका. पुन्हा हितं येऊ नका. ह्या खिडकीत तुमचं तोंड मला दिसता कामा नये. जावा."

आबांचा चेहरा उजळला. "आता कशी मानसावानी बोललीस. जातो बरं का." आणि ते खरंच गेले. मागोमाग डोळे पुसत रंगुबाई.

"पेशंटला येऊ नका म्हणतेस? इथं?" मॅडम ओरडल्या.

तोवर इंदापूरची धोंडाबाई खिडकीशी आली होती. "पोरी, मलाबी तसंच सांग. जरा मोठ्यानं सांग." तिच्यामागं चौघं उभे राहिले.

मॅडमनी ती रांग बघितली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "बरं, तू आत फायलींवर बस. खिडकीवर दुसरी मुलगी बघू."

"फायलींवर दुसरी बसवा," करुणा म्हणाली. तिचा आवाज काही उतरला नव्हता. "आणि शनिवारचं शनिवारी नको. पक्की का कच्ची, ते आत्ता सांगा. माणसं खोळंबलीत."

"पक्की," मॅडम म्हणाल्या, आणि केसपेपरवर मारायच्या शिक्क्याची डबी तिच्याकडं सरकवली.